अठरावं घर

ऐका, आणि मधे कोणी फोन काढायचा नाही. नोकरीची गोष्ट म्हटलं की तुम्ही जांभया देणार, मला माहितीय. "चैत्राली काय करते? कागदांना चिठ्ठ्या लावते." बरोबर आहे, तेच करते, चिपळूणच्या दस्तऐवज केंद्रात. पण या चिठ्ठ्यांपायी गेल्या महिन्यात मला एवढा घाम फुटला होता की तळहातावर पेनने लिहिलेलं नाव फिसकटून गेलं. आणि ते नाव मला तोंडाने घेता येत नव्हतं. खरंच येत नव्हतं. हसू नका.

आधी चिठ्ठ्यांचं सांगते, दोन मिनिटांत. आपण लहान होतो तेव्हा नेटवर काहीही टाकलं की काहीतरी यायचंच. मग यंत्रांनी लिहिलेला मजकूर साठत गेला. खोटी पत्रं, खोट्या रोजनिश्या, न झालेल्या सभांचे वृत्तांत. इतका कचरा झाला की इतिहासवाल्यांनी, समाजशास्त्रवाल्यांनी हात टेकले. तेव्हा ग्रंथपालांची जुनी युक्ती परत आली. एका गोष्टीला एकच नाव. कोणी विहीर म्हणतं, कोणी बाव, कोणी आड. तू काहीही टाक, डेटाबेस तुला 'विहीर' या एका शब्दाकडे नेतो, आणि त्या शब्दाखाली फक्त माणसांनी हाताळलेले, तपासलेले खरे कागद असतात. माणसांचंही तसंच, एका माणसाची एकच नोंद. या सगळ्या नावांची जी यादी, तिला म्हणतात नियंत्रित शब्दसूची. यादीत नाव असेल तर तू सापडतोस. नसेल तर तुझे कागद कपाटात असून नसल्यासारखे.

कळलं? आता काका.

दर मंगळवारी अकरा वाजता जनार्दन रेवाळे यायचे. वय त्र्याहत्तर, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. वाचनकक्षात कोपऱ्यातल्या पडद्यासमोर बसायचे, एका बोटाने आपल्या आईचं नाव टाकायचे, शोध दाबायचे. शून्य नोंदी. "बरा," म्हणायचे, टोपी घालायचे, जायचे. चार महिने मी हे बघत होते. शेवटी एकदा चहा घेऊन शेजारी बसले.

"काका, दर आठवड्याला तेच का टाकता?"

"या आठवड्यात कोणी घातलान असेल तर?"

"असं कोणी आपणहून घालत नाही हो."

"तू घालतेस ना गो बाय? मग तुला विचारूक होया होता पहिल्याच दिवशी."

मग त्यांनी सांगितलं. गाव कोंडसुरे, साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. काका सहा वर्षांचे, वडील आधीच वारलेले. एप्रिलमध्ये गावच्या बावीत एक पोर पडून मेली. गाव म्हणालं, पाय घसरला. काकांच्या आईने बांधावरून बघितलं होतं. फौजदार आला, सगळ्यांना विचारलं, सगळे म्हणाले घसरला. ही पुढे झाली आणि म्हणाली, घसरला नाय, ढकलली. कोणी ते पण सांगितलं.

केस काही उभी राहिली नाही. पण आठवड्याभरात गावकी बसली आणि हिला वाळीत टाकलं. म्हणजे आगपाणी बंद. दुकानात मीठ मिळणार नाही, वाटेत कोणी बोलणार नाही, शिमग्याला पालखी दारात येणार नाही. आणि या गावकीने वर आणखी एक ठरवलं. तिचं नाव घ्यायचं नाही. बोलण्यात नाही, पत्रात नाही, मुंबईच्या मंडळात नाही. महिन्याभरात ती पोराला घेऊन खेडला गेली, खाणावळीत भांडी घासली, पोराला शिकवलं, आणि गेली.

"जाताना म्हणाली, जनू, कधीतरी कागदात बघ हां. नाव घातलानी असेल कोणीतरी चुकून."

बस, एवढंच हवं होतं त्या माणसाला. नाव टाकलं की आई यायला हवी.

मला वाटलं, सोपंय! कोंडसुरे संग्रह आमच्याचकडे. गावातल्या ट्रंकांमधून आलेले तीन हजार कागद. मुंबईहून चाकरमान्यांची पत्रं, ग्रामस्थ मंडळाची इतिवृत्तं, पालखीच्या क्रमाच्या याद्या, मुलांच्या शाळेच्या वह्या. मी अख्खा आठवडा बसले. चौऱ्याहत्तरच्या आधी ती सगळीकडे 'धोंडूची बायको' आहे. बाईला नाव कशाला लागतं कागदात! आणि चौऱ्याहत्तरनंतर तेही नाही. सरकारी कागद बघावेत तर ते दोन पुरांत गेलेले. म्हणजे ही बाई नावानिशी एकदाही, एकदाही लिहिली गेलेली नाही.

आता यंत्र.

त्याच महिन्यात आमच्याकडे 'वळसा' आलं. हे वाचतं सगळं, पण काय लिहिलंय ते नाही शोधत. काय चुकवलंय ते शोधतं. कसं? युरेनस जरा वेडावाकडा चालतो हे लोकांच्या लक्षात आलं, म्हणजे पलीकडे त्याला ओढणारं काहीतरी आहे, आणि तिथे दुर्बीण लावली तर नेपच्यून. तसंच. लाखो खऱ्या पत्रांवरून यंत्राला ठाऊक असतं की माणूस वाक्य साधारण कुठे नेतो. बावीबद्दल लिहिलं की शेजारच्या घराचं येतं, पालखीबद्दल लिहिलं की कोणाकडे किती वेळ थांबली ते येतं. आणि एखाद्या गावची सगळी माणसं, वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या वर्षी, त्याच जागी वाक्य वाकवायला लागली, तर तिथे काहीतरी बसलंय. न लिहिलेलं. यंत्र त्याला नाव देऊ शकत नाही, फक्त नंबर देतं.

मी कोंडसुरे संग्रह आत सोडला आणि जेवायला गेले. परत आले तर पडद्यावर एक ओळ. वि-४०७१९. प्रकार: व्यक्ती. कागद: ४१२. नाव: रिकामं.

माझ्या अंगावर काटा आला. आनंदाने हां, तेव्हा तरी.

मी ते कागद पुन्हा वाचले, यंत्राने जिथे खूण केली तिथे थांबत. शहात्तरचं पत्र, मुंबईहून मुलगा आईला लिहितो: "रस्त्याने येताना चिंचेपासून सरळ येऊ नये, देवळावरून यावे. चिंचेपुढे काय ते तुला माहीत आहे." मंडळाचं चौऱ्याहत्तरचं इतिवृत्त, मोत्यासारखं अक्षर: "विषय ४. ठरले ते ठरले. सर्वानुमते. विषय ५. ढोलाचे चामडे बदलणे." पालखीच्या याद्या. त्र्याहत्तर साली बत्तीस घरं. पंच्याहत्तर साली सतरानंतर एकदम एकोणीस. खोडलेलं नाही, जागा सोडलेली नाही. सतरा, एकोणीस. तेव्हापासून दरवर्षी. आता दोन हजार एकेचाळीस सालच्या यादीत, जी कोणीतरी फोनवर केलीय, तिथेही सतरा, एकोणीस.

आणि चारशे बारातले दोनशेच्या वर कागद ती गाव सोडून गेल्यानंतर जन्मलेल्या माणसांचे होते. ज्यांना कधी कोणी काही सांगितलेलंच नाही. तेही तिथेच वळत होते.

मी धावत खातू सरांकडे. खातू सर म्हणजे आमचे प्रमुख, पस्तीस वर्षं विषयसूचीत घालवलेला माणूस.

"सर, ही काकांची आई. नाव मला माहितीय. घालू?"

"कशाच्या आधारावर?"

"मुलगा सांगतोय ना!"

"नातेवाईक चालत नाहीत. उद्या प्रत्येकजण आपल्या आजोबांना स्वातंत्र्यसैनिक करून आणेल. आणि तू चालत नाहीस, तू चिठ्ठी लावणारी. यादीला खरंखोटं कळत नाही गं, चैत्राली, वापर कळतो. लोक जे नाव वापरतात तेच यादीत येतं. तीन माणसांनी सीलबंद रेकॉर्डरवर ते नाव घ्यायचं. त्यातला एक तरी त्या गावचा."

"आणि नाही मिळाली तर?"

"नव्वद दिवसांनी नंबर बंद. ते कागद 'तपासले, विषय नाही' असे शिक्का मारून जातात. यंत्र त्यांना परत हात लावत नाही."

म्हणजे ती दुसऱ्यांदा वाळीत. आणि यावेळी शिक्का मी मारायचा.

मी कोंडसुऱ्याला गेले, रेकॉर्डर घेऊन. सरपंचांनी कोकम सरबत दिलं, गोड माणूस. मी विचारलं, "रेवाळ्यांच्या घराबद्दल काही आठवतं?" ते म्हणाले, "रेवाळे खेडला आहेत ना?" आणि मग नळयोजनेचं सांगायला लागले. त्यांच्या आईला विचारलं. नव्वदीची बाई, डोळे लख्ख. तिने माझ्याकडे बघितलं, रेकॉर्डरकडे बघितलं, आणि पदराचं टोक दातात धरलं. तशीच बसली, मी उठेपर्यंत.

चिंचेपुढे एक जोतं आहे. नुसतं जोतं, वर गवत. मधून सरळ वाट काढायला काही हरकत नाही, पण पायवाट त्याला वळसा घालून जाते. ठीक आहे, जुनी वाट. पण नळाची पाइपलाइनही वळते! विजेचे खांब वळतात! दप्तर पाठीवर घेऊन एक मुलगी येत होती, दुसरी-तिसरीतली. मी म्हटलं, "अगं, सरळ का नाही जात?"

"सरळच जात्ये की," ती म्हणाली, आणि वळून गेली.

शाळेच्या पटांगणात पोरं लपाछपी खेळत होती. ज्याच्यावर राज्य तो झाडाला तोंड लावून मोजत होता. पंधरा, सोळा, सतरा, एकोणीस, वीस. कोणी म्हटलं नाही, ए, चुकलास.

मी पुढची एसटी येईपर्यंत थांबले नाही. तीन किलोमीटर चालत नाक्यावर आले.

आणि आता जे सांगते त्यावर विश्वास ठेवा. परत आल्यावर मी अहवाल लिहिला, सहा पानं. सगळं लिहिलं, जोतं, पालखी, फौजदार. सरांनी वाचला आणि विचारलं, "नाव कुठाय?" मी म्हटलं, असेल की, पहिल्याच पानावर. नव्हतं. सहा पानांत एकदाही नाही. मी यंत्राला म्हटलं, तू सारांश कर, आणि नाव स्वतः टाइप करून दिलं. त्याने सुंदर सारांश केला. 'सदर महिला', 'जनार्दन यांच्या मातोश्री'. नाव नाही. तेही त्याच कागदांवर शिकलं होतं ना. माझ्यासारखंच.

मग ऑफिसातल्या दोघींना समोर बसवलं, रेकॉर्डर लावला. गावची माणसं मागाहून बघू, दोन आवाज तरी होतील. अख्खी गोष्ट सांगितली. दोघी रडल्या. संध्याकाळी बसमध्ये लक्षात आलं की मी नाव घेतलंच नाही आणि त्यांनी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी परत बसवलं. परत तेच! तिसऱ्यांदा त्यांनी सुट्टी टाकली. मला जरा वेडी समजायला लागले होते ऑफिसात.

बघा, ही काही भुताटकी नाही. लहान मूल कुठे पाय ठेवायचा नाही हे मोठ्यांच्या पायांकडे बघून शिकतं, कोणी सांगावं लागत नाही. जीभही तशीच शिकते. मी तीन महिने ते चारशे बारा कागद रोज वाचत होते. माझी जीभ कोंडसुऱ्याची झाली होती.

उरला शेवटचा दिवस. नव्वदावा, सहा वाजता नंबर बंद. आणि मला निनाद आठवला.

तुम्ही नाही ओळखत त्याला. माझी शाळेतली टोळी, निनाद भुवड, आस्मा आणि पुष्कर. आस्माच्या अब्बांची बेकरी आहे बाजारात, वर एक खोली, तिथे आम्ही अजून जमतो. पुष्कर दातांचा डॉक्टर झालाय, निनाद सोलरवाल्यांकडे आहे. आणि निनादचं गाव कोंडसुरे. मला आधी का नाही आठवलं? तेच तर. तीन महिन्यांत त्याच्याशी दहादा बोलले असेन, एकदाही हा विषय काढला नाही. मीही वळत होते.

सकाळी निघताना तळहातावर पेनने नाव लिहिलं. काकांना फोन केला, बेकरीत या. ते खाली बाकड्यावर बसले, चहा आणि खारी घेऊन. नातेवाईक वर चालणार नव्हते. चार वाजून दहा मिनिटांनी मी रेकॉर्डर लावला आणि तिघांना सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच.

पुष्करचा शेवटपर्यंत विश्वास नव्हता. "चैतू, तुला झोपेची गरज आहे."

"निनाद," मी म्हटलं, "पालखीची घरं सांग. क्रमाने."

"आता? बरं." तो बोटांवर मोजायला लागला, खुशीत. शिमगा म्हणजे त्याचा जीव. "पहिला मान मानकऱ्यांचा. दोन गुरवांचं, तीन..." असं करत, "पंधरा तांबड्यांचं, सोळा शिगवणांचं, सतरा चिंचेखालच्या गोरिवल्यांचं, एकोणीस आमचं, वीस..." बत्तीसपर्यंत गेला. "झाली बत्तीस."

"घरं किती गावात?"

"एकतीस."

"मग बत्तीस कशी मोजलीस?"

"अगं म्हणजे... एकतीसच आहेत." तो हसला. मग त्याने परत मोजली. यावेळी हळू. सतरा. एकोणीस. त्याचं बोट तिथे थांबलं सुद्धा नाही.

आस्माचा चेहरा उतरला होता. "निनाद, तू शाळेत लपाछपीत अठरा गाळायचास. आम्ही चिडवायचो तुला. आठवतं? बाई पण ओरडायच्या."

"मी नव्हतो गाळत."

"गाळायचास रे."

 खालून भट्टीचं दार आपटल्याचा आवाज आला. पाच वाजून पस्तीस झाले होते.

"तुम्ही फक्त नाव घ्यायचंय," मी म्हटलं. "तिघांनी, एकेकदा."

"घेतो की," पुष्कर म्हणाला. "सांग. काय नाव?"

मी तोंड उघडलं. आणि मी सांगायला लागले की काका मेकॅनिक होते, त्यांच्या आईने खाणावळीत किती वर्षं भांडी घासली. पुष्कर म्हणाला, नाव, चैतू. मी म्हटलं, हो हो, तेच सांगतेय, आणि खेडच्या खाणावळीचं सांगायला लागले. मला ऐकू येत होतं मी काय करतेय! आतून ओरडत होते आणि तोंड आपलं वळण घेऊन पुढे. मग मी मूठ टेबलावर ठेवली आणि उघडली. घामाने सगळं निळं झालेलं.

आस्माने माझा हात उजेडाकडे ओढला. डोळे बारीक केले. आणि तिचं ना, एकदम स्वच्छ असतं वाचन, ती शाळेत प्रार्थना सांगायची. तिने वाचलं.

"वेणू रेवाळे."

मी रडायलाच लागले. इतकं साधं नाव. वेणू.

"वेणू रेवाळे," पुष्कर म्हणाला. थट्टा नाही, काही नाही. रेकॉर्डरवर दोन हिरवे ठिपके लागले. तिसरा बाकी. पाच बेचाळीस.

आम्ही तिघांनी निनादकडे बघितलं.

"ते मंडळाचं इतिवृत्त," तो म्हणाला, "चौऱ्याहत्तरचं. अक्षर कसं होतं म्हणालीस?"

"मोत्यासारखं."

"आजोबा सेक्रेटरी होते." त्याने कप उचलला, त्यात चहा नव्हता, तरी प्यायला. "आमचं घर एकोणिसावं. म्हणजे आमच्या भिंतीला तिची भिंत. आजी सांगायची, पूर्वी शेजारून दळणाचा आवाज यायचा. मी विचारायचो कोणाच्या घरातून, तर म्हणायची, शेजारून."

"निनाद, सहाला आठ कमी आहेत."

"घेतो ना. मला काय आहे?" त्याने घसा साफ केला. "पावसाआधी त्या पॅनेलचं काम..." आणि थांबला. त्याच्या डोळ्यांत मी जी भीती बघितली ना, ती माझीच होती. त्यालाही ऐकू आलं होतं आता, आपण वळलो ते. तो परत म्हणाला, "आमच्याकडे शिमग्याला..." परत थांबला. कपाळावर घाम. आस्मा म्हणाली, माझ्या मागून म्हण. ती म्हणाली वेणू, आणि त्याचे ओठ जुळले, आणि तो म्हणाला, "पाणी दे जरा."

पाच चोपन्न.

मग त्याने काय केलं, डोळे मिटले, उठला, भिंतीला तोंड लावून उभा राहिला. राज्य आल्यासारखा. आणि मोजायला लागला.

"एक. दोन. तीन." आम्ही श्वास धरून. "पंधरा. सोळा. सतरा." थांबला. किती वेळ थांबला कोणास ठाऊक, मी घड्याळ बघूच शकले नाही. 

"अठरा," तो म्हणाला. "वेणू रेवाळे."

तिसरा ठिपका.

मी टॅबवर नोंद पाठवली, पाच सत्तावन्नला. वि-४०७१९ गेलं आणि तिथे आलं: रेवाळे, वेणू धोंडू. कागद: १. तो आमचाच, आत्ताचं रेकॉर्डिंग. मग आकडा पळायला लागला. चाळीस. दोनशे. चारशे तेरा. पुष्करने शिट्टी मारली. निनाद भिंतीला पाठ लावून खाली बसला होता, आस्मा त्याला पाणी पाजत होती आणि म्हणत होती, "बस रे राजा, झालं, झालं."

आणि मग खाली आणखी एक ओळ उमटली.

वि-४०७२०. संग्रह: कोंडसुरे. प्रकार: व्यक्ती. कागद: ५९०. नाव: रिकामं.

मला आधी वाटलं यंत्र चुकलं. पण ते चुकलं नव्हतं. एका ग्रहाची ओढ हिशोबातून काढून टाकली की मागे उरलेला वळसा दिसतो, तो दुसऱ्याचा. वेणूच्या आड लपलेला. पाचशे नव्वद, म्हणजे वेणूपेक्षा मोठा. मी तारखा बघितल्या. वेणूचे कागद चौऱ्याहत्तरच्या एप्रिलच्या मध्यापासून सुरू होत होते, गावकी बसली तेव्हापासून. हे एक आठवडा आधीपासून.

शेवटचा कागद कुठला होता सांगू? आजचा. आस्माच्या बेकरीतलं रेकॉर्डिंग. चार दहा ते पाच सत्तावन्न. यंत्राने खुणा केल्या होत्या आमच्याच वाक्यांवर. माझ्या सगळ्यात जास्त. 'बावीत एक पोर पडून मेली.' एक पोर.

मी चार महिने हे प्रकरण जगले. काकांच्या आईचं नाव यादीत यावं म्हणून जिवाचं रान केलं. आणि जिच्यासाठी ती आई उभी राहिली, ती पोर कोण, कोणाची, किती वर्षांची, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. ऑफिसातल्या दोघींनी नाही. खातू सरांनी नाही. आस्माने, पुष्करने नाही. आणि तुम्ही? आत्ता इतका वेळ ऐकताय, विचारलंत कोणी?

मी टॅब घेऊन खाली धावले.

काका बाकड्यावर बसले होते. मी पडदा त्यांच्या पुढे धरला. त्यांनी चष्मा पुसला, एका बोटाने आईचं नाव टाकलं, शोध दाबला. चारशे तेरा नोंदी.  मग ओळीवरून बोट फिरवलं, झोपलेल्या माणसाच्या कपाळावरून हात फिरवतात तसं.

"इली," म्हणाले. "इली गो बाय माझी आई."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांचा हात धरला. नव्वद दिवस आहेत, म्हटलं मनात, आणि हा माणूस तिथे होता, सहा वर्षांचा होता, त्या पोरीबरोबर खेळलाही असेल. याच्या आईने तर तिच्यासाठी सगळं सोडलं. याला माहीत असणारच.

"काका," मी म्हटलं, "बावीत पडली ती पोर. तिचं नाव काय होतं?"

ते माझ्याकडे बघून हसले. डोळे अजून ओले होते. हसू तसंच ठेवून त्यांनी समोरची बशी माझ्याकडे सरकवली.

"खारी घे गो," म्हणाले. "ताजी आहे."